घरच्या कॉम्प्युटरसाठी हार्ड डिस्क घ्यायची आहे? वेग कुठून येतो आणि भरवसा कुठून, आधी हे समजून घ्या

तुमच्या हातातला फोन बंद करून परत चालू केला तर अर्ध्या-एक मिनिटात व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. घरातला सात-आठ वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर मात्र बटण दाबल्यावर चहा उकळेपर्यंत ते गोल चक्र फिरवत बसतो. मग घरात कोणीतरी म्हणतं, "जुना झाला, आता नवीन घेऊ." थांबा. बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो. तुमच्या फोनमध्ये फिरणारी तबकडी नाही आणि त्या कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढाच खरा फरक असतो.

ती तबकडी बदलायला निघालात की दुकानदार पाच-सहा नावं पुढे टाकतो. एचडीडी, एसएसडी, साटा, एनव्हीएमई, एम.२, सीसीटीव्हीवाली जांभळी. "सगळ्यात चांगली कुठली?" असं विचारलं तर जी दुकानात पडून आहे तीच सगळ्यात चांगली असते! म्हणून प्रश्नच थोडा बदलून विचारायला हवा. वेगवान ड्राइव्ह कुठला आणि भरवशाचा कुठला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. वेग तुम्ही एका ड्राइव्हमध्ये विकत घेऊ शकता. भरवसा मात्र एका ड्राइव्हमध्ये मिळत नाही, कितीही पैसे टाका.

मेमरी की स्टोरेज?

फोनवर आपण "मेमरी फुल झाली" म्हणतो तेव्हा ते खरं तर स्टोरेज असतं. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप जिथे कायमचे राहतात ती जागा. रॅम वेगळी, ती चालू कामापुरती असते आणि लाईट गेली की रिकामी होते. या लेखात आपण फक्त कायमच्या जागेबद्दल बोलतोय.

आणखी एक. १ टीबीची डिस्क लावली आणि विंडोजने ९३१ जीबीच दाखवली, तर कोणी फसवलेलं नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ५०० जीबीची डिस्क याच हिशेबाने ४६५ दिसते.

तबकडी हळू का?

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत गोल तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी मागे-पुढे सरकते. दांडीच्या टोकाला हेड असतं, ते वाचतं आणि लिहितं. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून माहिती मावायची जेमतेम पावणेचार एमबी. म्हणजे आज तुमच्या फोनमधला एखादा फोटो.

आता साधा हिशेब करू. डेस्कटॉपची चांगली डिस्क ७२०० आरपीएमची असते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी दांडी त्या वर्तुळावर सरकायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद घेते. एकूण बारा-तेरा. ऐकायला काहीच नाही. पण याचा अर्थ असा की इकडे-तिकडे पसरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या असतील तर ही डिस्क सेकंदाला फार तर ८० ते १०० वेळा उडी मारू शकते. आणि विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या फाइली मागतं. तिथेच तुमचा चहा उकळतो.

लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क ५४०० आरपीएमच्या असतात. त्या आणखी सावकाश.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. फोनमध्ये असते तशाच जातीची फ्लॅश चिप असते, तिला उडी मारायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून जुन्या पीसीला एसएसडी लावली की माणसं म्हणतात, "अरे, हा नवीनच झाला!" रॅम ४ ची ८ जीबी करून जो फरक पडेल, त्यापेक्षा बहुतेक घरांत हा फरक जास्त जाणवतो. माझं स्पष्ट मत आहे: २०० जीबीची का होईना, विंडोज ज्याच्यावर आहे तो ड्राइव्ह एसएसडीच हवा. यावर आता वाद उरलेला नाही.

मोठी एकच फाइल सलग कॉपी करायची असेल तर हार्ड डिस्क तितकी वाईट नाही, चांगली डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. पिक्चर साठवायला आणि बघायला हे भरपूर आहे. म्हणून ती अजून बाजारातून गेलेली नाही.

साटा की एनव्हीएमई? आधी मदरबोर्ड बघा

साटा एसएसडी साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, कारण त्या केबलची मर्यादाच तेवढी आहे. एनव्हीएमई एसएसडी थेट पीसीआय एक्स्प्रेसवर बसते. तिसऱ्या पिढीची ३५०० एमबीच्या आसपास, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत. आकडा बघून वाटतं, सात हजारवालीच घ्यावी, बारा पट वेगवान!

पण घरच्या वापरात तसं होत नाही. विंडोज चालू होणं, क्रोम उघडणं, एक्सेल उघडणं हे सगळं छोट्या फाइलींचं काम आहे, आणि तिथे साटा आणि एनव्हीएमईमधला फरक सेकंद-दोन सेकंदांचा असतो. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं म्हणजे बैलगाडीतून एसटीत बसणं. तिथून एनव्हीएमईवर जाणं म्हणजे एसटीतून शिवनेरीत. छान वाटतं, पण पोचायच्या वेळेत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फोर-के व्हिडिओ एडिट करत असाल, शंभर-शंभर जीबीचे गेम इकडून तिकडे हलवत असाल, तर मात्र एनव्हीएमई जाणवते. नवीन पीसी असेल आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखी असेल, तर अर्थातच एनव्हीएमई घ्या.

जुना पीसी असेल तर आधी मदरबोर्डचं नाव शोधा. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीमध्ये वर्षानुवर्षं एच६१ आणि एच८१ चिपसेटचे बोर्ड विकले गेले. त्यांवर एम.२ ची जागा सहसा नसतेच. एच६१ चे साटा पोर्टही जुन्या पिढीचे आहेत, त्यामुळे साटा एसएसडी तिथे निम्म्याच वेगाने, पावणेतीनशे एमबीच्या आसपास चालते. घाबरू नका, उडी मारायचा वेळ तसाच कमी राहतो, आणि जाणवतो तो तोच. एच८१ वर काही पोर्ट नवे आणि काही जुने असतात, केबल नव्या पोर्टला लावा. बोर्डवर किंवा त्याच्या पुस्तिकेत ६ जीबीपीएस लिहिलेला तो नवा. मात्र एक लक्षात घ्या, एवढे जुने पीसी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अशा पीसीसाठी महागडी एसएसडी घेऊ नका. साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्या, जी उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरलाही लावता येईल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एम.२ या शब्दाचा. एम.२ हा फक्त आकार आहे, च्युइंगगमच्या पट्टीसारखा, बहुतेक वेळा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. म्हणून त्याला २२८० म्हणतात. त्या आकारात साटाची एसएसडीही येते आणि एनव्हीएमईचीही. काही लॅपटॉपची खाच दिसायला एम.२ असते पण आत फक्त साटा चालतं. तिथे एनव्हीएमई लावली तर ती दिसणारच नाही, आणि दुकानदार म्हणेल, "पीस चांगला आहे, तुमचा लॅपटॉप खराब आहे." मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर आधी खात्री करा.

खोक्यावर काय वाचायचं

मोठ्या अक्षरातला वेग वाचू नका, तो सगळेच लिहितात. तीन बारीक गोष्टी बघा.

पहिली, फ्लॅशचा प्रकार. टीएलसीमध्ये एका कप्प्यात ३ बिट ठेवतात, क्यूएलसीमध्ये ४. त्या एका जादा बिटासाठी कप्प्यातला विद्युतभार ८ ऐवजी १६ पातळ्यांत ओळखावा लागतो. म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहायला हळू आणि टिकायला कमी. गंमत अशी की सुरुवातीला हे कळत नाही, कारण एसएसडी आपल्या रिकाम्या जागेचा एक भाग जलद तात्पुरती जागा म्हणून वापरते. ती भरेपर्यंत सगळं सुसाट. मग ५०-६० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना मध्येच वेग हार्ड डिस्कपेक्षाही खाली येतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही जलद जागा लहान. म्हणून कुठलीही एसएसडी गच्च भरू नका, १०-१५ टक्के तरी मोकळी ठेवा. विंडोजसाठी टीएलसी घ्या. गेमसाठी दुसरा ड्राइव्ह हवा असेल तर क्यूएलसी चालून जाते. खोक्यावर प्रकार लिहिलेलाच नसेल तर कंपनीच्या साइटवरच्या माहितीपत्रकात शोधा. तिथेही नसेल तर त्या गप्प बसण्याचा अर्थ समजून घ्या.

दुसरी, टीबीडब्ल्यू. म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी वॉरंटी देते. सॅमसंगच्या ८७० इव्हो या १ टीबीच्या साटा एसएसडीवर हा आकडा ६०० आहे, वॉरंटी ५ वर्षं. क्रुशियल बीएक्स५०० च्या १ टीबीवर ३६०, वॉरंटी ३ वर्षं. घरात रोज ३० जीबी लिहिलं, आणि एवढं साध्या वापरात क्वचितच होतं, तरी ६०० टीबी संपायला ५० वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे "एसएसडी लिहून लिहून संपते" ही भीती घरच्या माणसाने बाळगायची गरज नाही. पण हा आकडा तुलनेसाठी उपयोगी आहे. एकाच क्षमतेच्या दोन एसएसडींमध्ये ज्याचा आकडा फारच कमी, तिथे कंपनीलाच आपल्या मालाबद्दल किती खात्री आहे ते कळतं.

तिसरी अर्थात वॉरंटीची वर्षं, आणि ती भारतात लागू आहे का हे. बाहेरून आणलेल्या मालाची वॉरंटी इथे बऱ्याचदा चालत नाही. बिल घेण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातले फोटो नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क: कौलांचं घर ओळखा

पाचशे जीबीच्या वर फोटो-व्हिडिओ असतील तर जोडीला हार्ड डिस्क घेणं अजूनही परवडतं. २ टीबी, ४ टीबी जागा या पैशात एसएसडीमध्ये मिळत नाही. २०२१ च्या १ जूनपासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा बंद झाली आणि १५ जीबीत सगळं बसवायची वेळ आली, तेव्हापासून घरोघरी हा प्रश्न आहेच.

इथे सीएमआर आणि एसएमआर हे दोन शब्द पाठ करा. सीएमआर डिस्कवर माहितीच्या वर्तुळाकार ओळी शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या छपराच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, म्हणजे तेवढ्याच तबकडीत जास्त माल बसतो. पण कौलारू घरात राहिलेल्यांना माहीत आहे, मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची कितीतरी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर मधली माहिती बदलायची असली की तेच होतं. वाचताना काही त्रास नाही; सतत लिहा-पुसायचं काम असेल तर मध्येच डिस्क बसून राहते.

याच्यावरून मोठा गदारोळ झालेला आहे. वेस्टर्न डिजिटलने नेटवर्क साठवणीसाठीच्या आपल्या रेड मालिकेत काही डिस्क एसएमआर केल्या आणि तसं सांगितलं नाही, हे २०२० मध्ये उघड झालं. मग कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआरसाठी रेड प्लस असं वेगळं नाव आणलं. सीगेटच्या ३.५ इंची बाराकुडामध्ये २, ४ आणि ८ टीबीची लोकप्रिय मॉडेलं एसएमआर आहेत, तर ७२०० आरपीएमची १ टीबी सीएमआर. म्हणजे नाव तेच, स्टिकर तोच, आणि आतली डिस्क वेगळी. त्यामुळे "बाराकुडा चांगली" किंवा "ब्लू चांगली" असं कोणी सांगितलं तर पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

फक्त फोटो टाकून ठेवायचे आणि कधीमधी बघायचे असतील तर एसएमआर घेतली तरी बिघडत नाही. विंडोजसाठी, एडिटिंगसाठी नको.

आणि ती जांभळी? दुकानात बऱ्याचदा तीच पुढे केली जाते, कारण सीसीटीव्हीच्या धंद्यामुळे तिचा साठा कायम असतो. कॅमेऱ्यांचं चित्रण रात्रंदिवस सलग लिहीत राहण्यासाठी ती बनवलेली आहे. घरच्या पीसीत दुसरी डिस्क म्हणून ती चालते, खोटं नाही. विंडोज तिच्यावर टाकायला कोणी सुचवलं तर नको म्हणा.

मग भरवशाची कंपनी कुठली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फारसं रंजक नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात आता तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी सगळी नावं यांच्यात विरघळली. "आमच्याकडे सीगेट दोनदा गेली, डब्ल्यूडीच घ्या" किंवा याच्या बरोबर उलट सांगणारा काका प्रत्येक कुटुंबात असतो. दोन डिस्कवरून कंपनी ठरत नाही.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली ऑनलाइन बॅकअप कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती बंद पडल्या याची आकडेवारी जाहीर करते. लाखोंनी डिस्क आहेत त्यांच्याकडे. २०२४ साली त्यांच्याकडचं वार्षिक प्रमाण १.६ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यातून दिसतं असं की कंपनीपेक्षा मॉडेलगणिक फरक मोठा असतो. एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं, दुसरं पटापट जातं. शिवाय ते आकडे थंड खोलीतल्या, अखंड वीज असलेल्या डिस्कचे. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार आणि दिवसातून दोनदा जाणारी लाईट यांचा हिशेब त्यात नाही.

आता हा दीड टक्का कमी की जास्त? शंभर घरांत एक-दोन घरं, दरवर्षी. तुम्ही त्यात नसाल तर काहीच नाही. असाल तर बाळाच्या बारशापासूनचे सगळे फोटो.

डिस्क जाण्याआधी सांगते का? कधी कधी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी दाखवतं, त्यांना स्मार्ट म्हणतात. त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघा. शून्य असतील तर ठीक. वाढत चालल्या असतील तर आजच्या आज कॉपी काढा, रविवारची वाट बघू नका. टकटक किंवा किरकिर असा आवाज नव्याने सुरू झाला तरी तेच.

पण स्मार्टवर विसंबून राहू नका. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी स्मार्टमध्ये तापमान सोडलं तर आधी कुठलाच इशारा दिला नव्हता. हिरवा रंग दिसतोय म्हणजे सगळं छान, असं नाही.

एसएसडी तर आणखी मुकी. हार्ड डिस्क बरेचदा आवाज करून मरते. एसएसडीचा कंट्रोलर गेला तर काल चालू असलेली आज दिसतच नाही. शिवाय एसएसडीवरची फाइल चुकून पुसली गेली तर परत मिळणं अवघड, कारण विंडोज ट्रिम नावाचा आदेश देऊन ती जागा रिकामी करायला सांगून टाकतं. महागडी एसएसडीही यातून सुटलेली नाही. सॅमसंगच्या ९८० प्रोच्या एका फर्मवेअरमध्ये दोष निघाला, त्याने ड्राइव्ह अचानक लिहिणं बंद करायचे, आणि कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं. म्हणून एसएसडी लावल्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर अपडेट आहे का ते एकदा बघाच. फोन अपडेट करतो तसंच आहे हे.

दुसरी प्रत

वर म्हटलं होतं ना, भरवसा एका ड्राइव्हमध्ये मिळत नाही. तो दोन ड्राइव्हमध्ये मिळतो. दहा हजारांची एक उत्तम डिस्क घेण्यापेक्षा पाच-पाच हजारांच्या दोन साध्या डिस्क घेणारा माणूस जास्त सुरक्षित आहे. दोन्ही एकाच आठवड्यात जायची शक्यता फार कमी. फक्त दोन्ही एकाच कॅबिनेटमध्ये बसवू नका. वीज पडली किंवा एसएमपीएस फुटला तर दोन्ही जातात. एक बाहेर, कपाटात.

बाहेरची म्हणून २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडा, नवीन फोटो टाका, काढून ठेवा. चालू असताना हलवू नका, टेबलावर सपाट ठेवा. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणार असेल तर एसएसडीपेक्षा हार्ड डिस्क बरी. फ्लॅश चिपमधला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो. लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात १ वर्ष बिनविजेची माहिती टिकवावी, एवढीच उद्योगातल्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण आपलं कपाट मे महिन्यात ३० अंशांवर थांबत नाही.

ही डिस्क फोनलाही ओटीजीने जोडायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण बरेचसे अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. काही फोन मोठ्या हार्ड डिस्कला पुरेशी वीज देऊ शकत नाहीत, तेव्हा फोटो आधी पीसीवर घेणंच सोपं.

आणि ज्या फोटोंशिवाय राहवणारच नाही, तेवढे क्लाउडवरही ठेवा. पण लक्षात ठेवा, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गुगल फोटोजमध्ये फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो.

लाईट जाणाऱ्या भागात राहत असाल तर छोटा यूपीएस हवाच. लिहीत असताना वीज जाणं दोन्ही प्रकारच्या ड्राइव्हला वाईट. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं का बघा. तो मोड चालू नसेल तर वीज जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात पीसी बंद पडतो.

विकत घेताना

ऑनलाइन "१६ टीबी पोर्टेबल एसएसडी फक्त १४९९ रुपये" असं दिसलं तर पुढे सरका. अशा डब्यात बहुतेक वेळा एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याचं फर्मवेअर १६ टीबी असल्याचं खोटं सांगतं. विंडोजही तेच दाखवतं. फाइली कॉपी होतात, नावं दिसतात, आणि खरी जागा भरल्यानंतरचं सगळं आत कुठेच नसतं. संशय असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डलाही हीच चाचणी चालते.

दुसरा प्रकार जुना माल नवा म्हणून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, रिफर्बिश्ड डिस्क सर्रास मिळतात, आणि तसं सांगून स्वस्तात दिल्या तर त्यात काही गैर नाही. दुसरी प्रत ठेवायला घेताही येतील. न सांगता देणं ही फसवणूक. नव्या डिस्कच्या स्मार्टमध्ये पॉवर ऑन अवर्स शून्याच्या जवळ हवेत. मात्र हा आकडाही पुसता येतो: २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क स्मार्ट नोंदी शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे. ती स्मार्टमोनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरने वाचता येते. स्क्रूच्या खाचांवर ओरखडे आणि कनेक्टरवर घासल्याच्या खुणा तर साध्या डोळ्यांनीही दिसतात.

म्हणून ड्राइव्ह घरी आणल्यावर परत करायची मुदत आहे तोवरच तपासा. क्षमता, तास, सिरियल नंबर, आणि एकदा पूर्ण भरून वाचणं. रात्रभर लागतं, लागू द्या.

लावताना

२.५ इंची साटा एसएसडीला एक डेटा केबल आणि एसएमपीएसची एक वायर, बस्स. जुन्या कॅबिनेटमध्ये तिच्या मापाची जागा नसेल तर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने आत चिकटवली तरी चालते, आत काही हलत नाही. एम.२ वालीसाठी शेवटचा तो इवलासा स्क्रू लागतो. मदरबोर्डच्या खोक्यात असतो आणि नेमका तोच हरवलेला असतो. दुकानातून मागून आणा.

विंडोज क्लोनझिलाने जसंच्या तसं उचलता येतं, पण ५०० जीबीची डिस्क २५० च्या एसएसडीवर थेट जात नाही. मला विचाराल तर नव्याने इन्स्टॉल करणं बरं, जुना कचरा मागे राहतो. फक्त इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज आपली सुरुवातीची फाइल जुन्या डिस्कवरच टाकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. मग एसएसडीला शिव्या.

जुनी डिस्क निरोगी असेल तर फोटोंसाठी तशीच राहू द्या. कोणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरेसं नाही, ते फक्त अनुक्रमणिका पुसतं आणि फाइली तिथेच राहतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज मग अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा, ते बहुतेक वेळा काही सेकंदांतच होतं.